५जीमुळे नेट खरंच फास्ट झालंय का? पुणे आणि कोरेगाव, दोन्हीकडचं कोडं

कोरेगावकर:
नमस्कार मंडळी. ऑफिसने बहुतेक दिवस घरून काम करायची परवानगी दिलीय आणि आईबाबा गावी एकटेच असतात, म्हणून वर्षातले काही महिने कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहायचं चाललंय. गावात फायबर आलेलं नाही, केबलवाला नुसत्या तारखा देतोय, मग उरतं ते मोबाईल नेटच. पुण्यात धायरीला माझ्या फोनवर ५जीत स्पीडटेस्ट केली की ३५०-४०० एमबीपीएस दाखवतं. गावी तोच फोन, तेच सिम, वर ५जी लिहिलेलं, चार दांड्या रेंज, आणि स्पीड येतो २५-३०, त्यातही सेटिंगमध्ये जाऊन फक्त ४जी वर टाकलं तर कधीकधी ४०-४५ येतो म्हणजे जुन्यावर जास्त आणि नव्यावर कमी. हे कसं काय? जुलै २०२४ मध्ये रिचार्ज वाढले तेव्हापासून जिओ-एअरटेलला बहुतेक करून दिवसाला २ जीबीवाला किंवा त्याच्या वरचा प्लॅन असेल तरच अनलिमिटेड ५जी मिळतं, म्हणून घरातल्या तिघांचे मोठे रिचार्ज मारतोय. त्या पैशाचं चीज होतंय का ते कळायला हवं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

सायली_डोंबिवली:
माझाही हाच प्रश्न आहे फक्त ठिकाण वेगळं. संध्याकाळी सहा-साडेसहाला दादरच्या ब्रिजवर ५जी फुल रेंज, आणि यूपीआयने वीस रुपये द्यायचे तर चक्र फिरत राहतं, पाठीमागे रांग खोळंबते. घरी आलं की तोच फोन मस्त चालतो. फुल रेंज असताना नेट का नाही चालत?

रेडिओलहरी:
मी मोबाईल नेटवर्कच्या प्लॅनिंगमध्येच काम करतो त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कोरेगावकर, ५जी म्हणजे एकच एक गोष्ट असं धरून चाललात की हे कोडं सुटत नाही. स्पीड ठरतो तो मुख्यतः हवेतला किती रुंद पट्टा तुमच्या टॉवरकडे आहे यावर. ४जीचा एक कॅरियर, म्हणजे एक सलग पट्टा, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झचा असतो, आणि साध्या दोन अँटेनांच्या ४जीत त्यातून कागदावर १५० एमबीपीएस निघतात. शहरात जे ५जी आहे ते बहुतेक ३३०० मेगाहर्ट्झच्या भागात चालतं, फोनमध्ये त्याला एन७८ म्हणतात, आणि तिथे २०२२ च्या लिलावात जिओ आणि एअरटेलने देशभर १००-१०० मेगाहर्ट्झ घेतलेत. पाचपट रुंद पट्टा. वर टॉवरवर ३२ किंवा ६४ अँटेनांचं पॅनल, ते फोनच्या दिशेने सिग्नल वळवतं आणि एकाच वेळी चारपाच जणांना वेगवेगळा डेटा पाठवू शकतं. धायरीचे ४०० तिथून येतात.

गावी बहुतेक तुम्ही ७०० मेगाहर्ट्झवर असणार, फोनमध्ये एन२८. हा बँड लांब जातो, भिंतीतून आत येतो, म्हणून रेंज छान दिसते. पण लिलावात तो विकला गेला तो प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे साधारण राज्यागणिक, १० मेगाहर्ट्झचा तुकडा. ५जी आहे म्हणून एवढ्याशा पट्ट्यातून शंभर पट काही निघत नाही, टॉवरखाली एकट्याने उभं राहिलात तर शंभरच्या आसपास, आणि गावातले शेदोनशे फोन त्यावर असले की २५-३० हेच खरं.

आता ४जीवर जास्त का येतो ते. नवा फोन ४जीवर असताना दोन-तीन बँड एकत्र जोडतो, ८५०, १८००, २३०० असे, सगळे मिळून ३०-४०-५० मेगाहर्ट्झ होतात. पण तुमचं नेटवर्क एसए पद्धतीचं असेल, म्हणजे ५जी स्वतःच्या पायावर उभं, तर ५जीला चिकटलेला फोन ४जीचे बँड सोबत जोडू शकत नाही. मग एकटा १० मेगाहर्ट्झचा एन२८ एका बाजूला आणि ४जीची तिकडी दुसऱ्या बाजूला. तुमचा फोन किंवा सिम बिघडलेलं नाही, जे दिसतंय ते बरोबर दिसतंय.

बार्शीचा_शेतकरी:
रेडिओलहरी साहेब पहिल्यांदा कुणीतरी समजेल असं सांगितलं. माझ्याकडे अजून ४जी फोनच आहे आणि मला उलट अनुभव आलाय. आमच्याकडे २०२२ ला संध्याकाळी सातनंतर नेट म्हणजे नुसता मनस्ताप होता, द्राक्षाच्या घडाचा व्हिडिओ व्यापाऱ्याला पाठवायचा तर रात्री अकरापर्यंत वाट बघायची. गावातल्या पोरांनी ५जी फोन घेतले, अनलिमिटेड मिळतंय म्हणून सगळे रील तिकडे बघायला लागले आणि माझं ४जी मोकळं झालं. आता व्हिडिओ आठ वाजता पण जातो. म्हणजे ५जी आलं आणि फायदा ४जीवाल्याला झाला, हे पण लक्षात घ्या.

रेडिओलहरी:
अगदी बरोबर आणि हे फार कमी लोक बोलतात. देशाचे आकडे बघितले तरी हेच. स्पीडटेस्टवाल्या ऊक्ला कंपनीच्या यादीत सप्टेंबर २०२२ ला, म्हणजे १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू व्हायच्या आधी, भारताचा मोबाईलचा मधला स्पीड १३.८७ एमबीपीएस आणि नंबर ११९ वा होता. ऑगस्ट २०२३ ला ५०.२१ आणि ४७ वा नंबर. वर्षाच्या आत साडेतीन पट. त्यामुळे काहीच फरक पडला नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फरक पडलाय, फक्त तो सगळीकडे सारखा पडलेला नाही.

सायली, तुमचं राहिलं. दांड्या सांगतात टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा येतोय. त्या टॉवरवर आत्ता किती लोक आहेत हे दांड्या सांगत नाहीत. दादरला त्या वेळेला एका सेक्टरवर, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या अँटेनांवर, शेकडो फोन एकदम बोलायला बघतात. शिवाय यूपीआयला डेटा जेमतेम लागतो पण तुमच्या फोनचं म्हणणं टॉवरला ऐकू जावं लागतं, आणि फोन बोलतो साधारण २०० मिलिवॅटमध्ये, गर्दीत सगळ्यांचे हेच हाल. डाउनलोडला टॉवरची ताकद असते, अपलोडला बिचाऱ्या फोनची. एन७८ मध्ये वेळही वाटून दिलेला असतो, साधारण तीन हिस्से डाउनलोड आणि एक हिस्सा अपलोड. तिथे पटकन पैसे द्यायचे असतील तर ४जीवर टाकून बघा, कधीकधी तिकडे गर्दी कमी असते.

नागपूरचा_पक्या:
आमच्याकडे अजून एक भानगड आहे. नागपूर तर पहिल्या दिवसापासून ५जीच्या यादीत, एअरटेलने ज्या आठ शहरांत सुरू केलं त्यात मुंबईसोबत नागपूर होतं. पण विमानतळाच्या बाजूला राहणाऱ्यांना कित्येक दिवस मिळेना. कारण नोव्हेंबर २०२२ अखेर दूरसंचार विभागाने पत्र काढलं की रनवेच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि रनवेच्या मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत ३३०० च्या बँडचे ५जी टॉवर बसवू नका, विमानाचं उंची मोजायचं यंत्र, रेडिओ अल्टिमीटर, जवळच्या फ्रिक्वेन्सीवर चालतं म्हणून. पुण्यात लोहगावलाही तेच. त्यामुळे त्या भागात फ्लॅट बघताना बिल्डरने ५जी रेडी म्हटलं तरी स्वतः फोन घेऊन बघून यायचं.

मीनल_कोथरूड:
मला एक मूलभूत शंका आहे आणि मी ती मनापासून विचारतेय. ४०० एमबीपीएस घेऊन आपण फोनवर करतो काय? नेटफ्लिक्स स्वतः सांगतं ४के ला १५ एमबीपीएस पुरतात. फोनच्या स्क्रीनवर ४के बघतंय कोण. माझ्या मुलीचे ऑनलाइन क्लास ४जीवर व्यवस्थित चालायचे, आता ५जीवर पण तसेच चालतात, फरक फक्त इतकाच की बॅटरी लवकर उतरते आणि फोन गरम होतो. कंपन्यांनी स्पीड स्पीड करून आपल्या गळ्यात महाग प्लॅन मारलेत असं मला वाटतं.

अमोघ_न्यूजर्सी:
मीनलताई तुमच्या मुद्द्यात दम आहे. इकडे अमेरिकेत २०१९ ला एटी अँड टी ने ४जीच्याच फोनवर '५जी ई' असं चिन्ह झळकवलं होतं, टॉवर फोन सगळं ४जीचंच. स्प्रिंटने कोर्टात खेचलं आणि २०२० ला जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मंडळाने ते वापरणं थांबवा म्हणून शिफारस केली. आणि इथेही तुमच्या गावासारखंच आहे, ६०० मेगाहर्ट्झवरचं ५जी सगळीकडे पोचतं पण स्पीडला ४जीचा भाऊ. गावाबाहेर गेलो की मी फरक सांगू शकणार नाही. २५०० आणि ३७०० मेगाहर्ट्झचे पट्टे लागले तेव्हा कुठे जाणवायला लागलं.

रेडिओलहरी:
कोरियाचं उदाहरण याहून मोठं आहे. तिथल्या तिन्ही कंपन्या २० जीबीपीएस, एलटीईच्या म्हणजे ४जीच्या वीस पट वगैरे सांगून ५जी विकत होत्या. मे २०२३ ला तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने तिघींना मिळून ३३.६ अब्ज वॉन दंड ठोकला. तो २० जीबीपीएसचा आकडा आयटीयू या जागतिक दूरसंचार संस्थेच्या मानकात आहे, पण तो प्रयोगशाळेतला कळस आहे. त्याच मानकात दाट शहरी भागात माणसाच्या हातात काय पडायला हवं तर १०० एमबीपीएस डाउनलोड आणि ५० अपलोड असंही लिहिलंय. जाहिरातीत पहिला आकडा येतो आणि आपल्याला दुसऱ्याशी मतलब असतो. ग्राहक म्हणून आपण हा १०० आणि ५० चाच हिशोब मागायला हवा, आणि गर्दीच्या वेळेचा मागायला हवा.

पण मीनलताई, फोनच्या स्क्रीनपुरतं बघितलं तर तुमचं म्हणणं ठीक, फोन हॉटस्पॉट करून त्यावर घर चालवणाऱ्याला ते लागू नाही. कोरेगावकरांना ऑफिसचा व्हिडिओ कॉल, बाबांचा टीव्ही आणि आईचा यूट्यूब असं एकदम चालवायचंय. तिथे ३० मध्ये ओढाताण होते आणि १०० मध्ये होत नाही. बॅटरीचं मात्र खरं आहे. रेंज कच्ची असली की फोन ४जी-५जी असा सारखा ढकलाढकली करतो आणि तापतो.

सायली_डोंबिवली:
एक विचारू का. माझ्या बहिणीच्या फोनवर ५जी चिन्ह दिसतं पण स्पीड ४जीचाच, आणि तिचं सिम माझ्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं आहे. हे एसए एनएसए प्रकरण तेच का?

रेडिओलहरी:
हो तेच असू शकतं. एनएसए मध्ये ५जी हे ४जीच्या खांद्यावर बसलेलं असतं. फोन आधी ४जीला जोडतो आणि मोठा डेटा लागला की ५जीचा पट्टा जोडून घेतो. ४जीचा टॉवर नुसतं सांगतो की माझ्याकडे ५जीची सोय आहे, आणि बरेच फोन तेवढ्यावर ५जी लिहून टाकतात, प्रत्यक्ष डेटा ४जीतूनच चाललेला असतो. अपलोड तर एनएसएत बऱ्याचदा ४जीतूनच जातं. याचा फायदाही आहे, दोन्हींची बेरीज होऊन डाउनलोड चांगला येतो.

फोन घेताना मात्र बघून घ्या. उदाहरणार्थ २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला रेडमी ए४ ५जी फक्त एसए वर चालतो, एनएसए वाल्या नेटवर्कवर त्याला ५जी मिळतच नाही. स्वस्तात ५जी फोन म्हणून घरच्यांना घेऊन दिला आणि सिम दुसऱ्या पद्धतीचं निघालं तर पैसे गेले.

तपासायचं कसं ते सांगतो. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टरसारखं अ‍ॅप टाका. त्यात कोणत्या बँडवर आहात ते दिसतं, एन७८ का एन२८ का नुसतं एलटीई. खाली आरएसआरपी म्हणून उणे आकडा असतो, सिग्नल किती जोरात येतोय ते सांगणारा, उणे ८५ च्या आसपास म्हणजे छान, उणे ११० च्या खाली गेला की कठीण. आणि टॉवर डोळ्यांनीही ओळखता येतो. उंच लांबुडक्या पट्ट्या दिसतात त्या जुन्या अँटेना. त्यांच्या शेजारी आखूड, रुंद, पाठीला पन्हाळी पत्र्यासारख्या खाचा असलेली जाडजूड पेटी लावली असेल तर ती बहुतेक मॅसिव्ह माइमोवाली, म्हणजे मघाशी सांगितलेली ३२-६४ अँटेनांची पेटी, तिथे रुंद पट्टा मिळायची आशा आहे.

बार्शीचा_शेतकरी:
साहेब आमच्या टॉवरवर ती पेटी बसवलीय मग तरी पोरं म्हणतात ६०-७० च्या वर जात नाही. का?

रेडिओलहरी:
मग टॉवरच्या मागे बघा. टॉवरला जमिनीतून फायबर आलंय का वर गोल डबड्यासारखी मायक्रोवेव्हची डिश लावून दुसऱ्या टॉवरवरून नेट आणलंय? देशात अजून निम्म्याच्या आसपास टॉवर फायबरशिवाय आहेत. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला लगेच कळेल, रानात पाइप कितीही मोठा अंथरा, विहिरीवरची मोटर जुनीच असेल तर पाणी तेवढंच पडणार. डिशवरची लिंक तीन-चार सेक्टर आणि ४जी-५जी दोघांत वाटली जाते. टॉवरपर्यंत फायबर येणं हे गावाकडच्या स्पीडसाठी नव्या ५जी पेटीइतकंच किंवा त्याहून महत्त्वाचं आहे, आणि ग्रामपंचायतीने रस्ता खोदायला परवानगी अडवून धरली की हेच काम रखडतं. गावात कुणाचं वजन असेल तर त्यांनी तिथे लक्ष घालावं.

मीनल_कोथरूड:
हे खरंच माहीत नव्हतं. पण मग स्पीडटेस्ट वर विश्वास ठेवायचा का? माझ्याकडे टेस्टला ३०० आणि ऑफिसचं व्हीपीएन मात्र रडतं.

रेडिओलहरी:
टेस्ट खोटी नसते पण ती मोजते ते तुमच्यापासून जवळच्या सर्व्हरपर्यंत, बऱ्याचदा तो तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये पुण्या-मुंबईत बसलेला असतो. फास्ट डॉट कॉमवर पण करून बघा, ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. व्हीपीएन अमेरिकेतलं असेल तर पुणे ते अमेरिकेचा पूर्व किनारा, जाऊन यायलाच २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात, समुद्राखालच्या केबलचं अंतर आहे ते, ५जीने फार तर घरापासून टॉवरपर्यंतचे वीसतीस मिलिसेकंद वाचतील. त्यामुळे ऑफिसच्या कामात ३०० काय आणि ६० काय, सारखंच वाटणार.

कोरेगावकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं तपशिलात कुठेच मिळालं नव्हतं. गावी आलोय आणि रेडिओलहरींनी सांगितलं तसं सगळं बघितलं. घरात खाली माजघरात एन२८, आरएसआरपी उणे ९२, डाउनलोड सकाळी ४८, रात्री आठला १९, अपलोड ४. ४जीवर रात्री ३१. मग फोन घेऊन गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीच्या पश्चिम बाजूला उभं राहिलो की फोन एन७८ पकडतो, उणे १०४, आणि तिथे रात्री आठलाच १४० आले, अपलोड ११. शेजारच्या मोठ्या गावाचा टॉवर तिकडून सरळ दिसतो, मध्ये फक्त उसाचं रान आहे. जिन्यात आलं की लगेच परत एन२८. म्हणजे रुंद पट्टा आमच्या गच्चीपर्यंत येतोय पण घरात शिरत नाहीये, भिंती दगडी दीड-दीड फुटाच्या आहेत. आता काय करू?

रेडिओलहरी:
तुमच्यासाठी याहून चांगली बातमी नाही. फोनचा हॉटस्पॉट विसरा आणि बाहेरच्या अँटेनावालं ५जी कनेक्शन घ्या, एअरफायबर म्हणतात ते. त्यात गच्चीवर लावायचा जो डबा येतो, ओडीयू, त्याची अँटेना फोनपेक्षा बरीच ताकदीची असते आणि तो टॉवरकडे तोंड करून पक्का बसवता येतो. उणे १०४ फोनला आहेत तर त्याला नक्कीच बरे मिळतील. तिथून इथरनेटची वायर माजघरात आणि तिथे वायफाय. बसवायला येणारा माणूस घाईत सोयीच्या भिंतीवर ठोकून जायला बघेल, त्याला टाकीच्या पश्चिमेलाच लावायला लावा आणि त्याच्या अ‍ॅपमध्ये एन७८ दिसल्याशिवाय सही करू नका. ऊस उंच वाढला की सिग्नल थोडा पडतो, म्हणून पाइपवर जरा वर घ्या. महिन्याला साधारण १००० जीबीची मर्यादा असते, तुमच्या घराला पुरेल. आणि गच्चीवरचा हा टॉवर पण रात्री किती भरतो ते नीट बघून घ्या, एका संध्याकाळच्या आकड्यावर जाऊ नका.

फोनचं म्हणाल तर आईबाबांना खाली घरात ५जीचा काहीही उपयोग नाही. वायफाय आलं की त्यांचे मोठे रिचार्ज बंद करून छोटा प्लॅन टाका आणि त्यांचे फोन ४जीवरच ठेवा, बॅटरी पण टिकेल.

बार्शीचा_शेतकरी:
कोरेगावकर दादा एक राहिलं, लाइटचं काय? लाइट गेली की राउटर बंद आणि ओडीयू पण बंद. मी भावाकडे १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, तीनेक तास निघतात. फक्त ओडीयूला किती व्होल्ट लागतात ते अ‍ॅडॉप्टरवर बघून मग घ्या, काहींना ४८ व्होल्टचा इंजेक्टर, म्हणजे इथरनेटच्या वायरीतूनच वीज देणारा डबा, असतो, त्याला साधा १२ वाला चालत नाही. आणि टॉवरची स्वतःची बॅटरी किती टिकते ते त्या गावात कुणाला तरी विचारा, आमच्याकडे दुपारी जास्त वेळ लाइट गेली की टॉवरच झोपतो, मग घरचा यूपीएस असून काही होत नाही.

कोरेगावकर:
हे फार कामाचं सांगितलंत, माझ्या डोक्यातच नव्हतं. त्या गावात मामाचं दुकान टॉवरजवळच आहे, तिथे जनरेटर आहे का ते त्याला विचारतो. कनेक्शनचा अर्ज टाकलाय, माणूस येईल तेव्हा मी स्वतः गच्चीवर थांबणार. बसवून झालं की रात्री आठ ते दहाचे आकडे इथेच टाकतो, सकाळचे नाही. आणि ऊस तुटायच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही टाकीन, इतरांना पण उपयोग होईल.